वॉटरप्रूफिंग स्प्रे: पाणी अडतं, पण मारायचा कुठे ते आधी वाचा

बूट, सॅक, रेनकोट यांवर मारायचा वॉटरप्रूफिंगचा स्प्रे घ्यावा का, असं मला शाळांमधले सहकारी सारखं विचारतात. सरळ सांगते. स्प्रे काम करतो. पण बंद जागेत मारला तर माणूस दवाखान्यात पोचू शकतो, आणि हे ऐकीव नाही, आमच्या घरात घडलेलं आहे. म्हणून एवढं लांब लिहितेय. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: हा डबा घरात, दुकानात, गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये वापरायचा नाही. मारायचाच तर उघड्यावर, वारा पाठीकडून येत असताना, लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवून.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पहिला डबा घेतला, त्यानंतर वेगवेगळ्या कंपन्यांचे वापरून पाहिले. लेबलं वेगळी, पण आतला माल साधारण एकाच जातीचा. धोकाही त्या जातीचाच आहे, एखाद्या डब्यापुरता नाही.

माझं काम केंद्रप्रमुखाचं. राहायला नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला, शाळा धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर. आपल्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, शहाद्यात ऊन असतं आणि घाट चढायला लागलं की अंगावर ढग उतरतो. तळोद्याकडून चांदसैलीच्या घाटाने गेलं तरी तीच गत. पाठीवरच्या सॅकमध्ये शाळाभेटीची रजिस्टरं, पोषण आहाराचे कागद, शिक्के, चार्जर. रेनकोट अंगाला असतो, सॅक मात्र भिजते. कव्हर घातलं तर वाऱ्याने फुगतं आणि वळणावर एका बाजूला ओढतं. म्हणून स्प्रे घेतला.

आधी गुण सांगते. नव्याने मारलेला असला की सॅकच्या झाकणावर पाणी मुरत नाही, थेंब गोळा होऊन घरंगळून जातात. कॅनव्हासच्या बुटांवर तर फरक लगेच दिसतो. लाल गाळ वाळला की ब्रशने झटकून निघतो, कापडात बसत नाही. रिमझिम असेल आणि रस्ता तासाभराचा असेल तर कागद कोरडे राहतात.

आता ज्यावर जाहिरात बोलत नाही ते. स्प्रे धाग्यावर थर देतो, भोकं बुजवत नाही. शिवणीतली सुईची भोकं, चेनच्या कडा, पट्टा जिथे शिवलाय तो कोपरा, सगळं पाणी तिथूनच आत येतं. जोरदार सर लागली तेव्हा माझ्या सॅकचं कापड वरून कोरडं ठाक होतं आणि आतल्या रजिस्टरच्या कडेला ओल चढली होती. बॉलपेनची निळी अक्षरं जशीच्या तशी, पण शिक्क्याची जांभळी शाई पसरून मागच्या दोन पानांवर उमटलेली. तेव्हापासून स्प्रे असो नसो, कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच सॅकमध्ये जातात.

थर टिकतोही कमीच. जिथे घासलं जातं तिथे, म्हणजे खांद्याच्या पट्ट्याखाली आणि पाठीला टेकणाऱ्या भागावर, तो आधी जातो. धुतल्यावर साबण नीट निघाला नाही तरी पाणी परत मुरायला लागतं. स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून, कडक उन्हात वाळवून किंवा वरून कापड टाकून हलकी इस्त्री फिरवून थोडा गुण परत येतो, तो यायला ऊब लागते. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी परत डबा हातात घ्यावा लागतो, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. एकदाच मारायचा असता तर एखाद वेळी निभावून गेलं असतं. हा सारखा मारावा लागतो, आणि गरज नेमकी पाऊस चालू असताना पडते, जेव्हा सगळे दारं-खिडक्या लावून आत असतात.

माझ्या धाकट्या दिरांचं बॅगा आणि बूट दुरुस्तीचं दुकान आहे. ‘बॅग वॉटरप्रूफ करून मिळेल’ अशी पाटी त्यांनी गेल्या वर्षी लावली आणि कामही चांगलं येत होतं. कितीतरी आठवडे ते दुकानाबाहेरच्या ओट्यावर बसून स्प्रे मारायचे. काही त्रास नव्हता. पोळ्याच्या आसपास झड लागली. ओट्यावर पाणी येत होतं म्हणून शटर अर्धं ओढून त्यांनी आतच चार-पाच बॅगांवर ओळीने स्प्रे मारला. माल तोच, हात तोच, फक्त जागा बदलली.

काम संपायच्या आतच कोरडा खोकला सुरू झाला. घरी येईपर्यंत अंगात कणकण, मग थंडी वाजून ताप. पावसाळ्यात आपल्याकडे थंडी-ताप म्हटलं की मलेरियाच आठवतो, तशीच घरात चर्चा चालली. रात्री जेवायच्या वेळी ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “वहिनी, दम लागी राहिना,” म्हणजे दम लागतोय. एवढं बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागलं. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर घरात होतं. बोटाला लावलं तर ८९. परत लावलं, ९० च्या पुढे जाईना.

दवाखान्यात नेलं. जाऊबाईंनी प्रसंगावधान राखून दुकानातला तो डबा पिशवीत घालून आणला होता, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. डॉक्टरांनी लेबल वाचलं, किती वेळ, कुठे, पंखा होता का, बिडी-सिगारेट ओढली का, असं सगळं विचारलं. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला धुरकट डाग होते. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, नजरेखाली ठेवलं. या त्रासावर उतारा म्हणून वेगळं औषध नसतं. फुप्फुस सावरेपर्यंत श्वासाला आधार द्यायचा, हाच उपचार. दोन-तीन दिवसांत ते घरी आले, पण जिना चढताना धाप आणि पहाटेचा खोकला पुढे बरेच दिवस राहिला. दुकानातला पोरगा त्या वेळी चहा आणायला गेला होता म्हणून तो वाचला. तो सतरा वर्षांचा आहे. तोही आत असता तर, असा विचार केला की अजून धस्स होतं.

तेव्हापासून या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत आले. जे कळलं ते साध्या शब्दांत मांडते.

डब्यात मुख्य तीन गोष्टी असतात. एक, पाणी झटकणारं रसायन, बहुतेक वेळा फ्लोरिनयुक्त पॉलिमर, काहींत सिलिकॉन. दोन, ते पातळ ठेवणारं द्रावक, ज्याचा थिनरसारखा वास येतो. तीन, दाबाखाली भरलेला ब्युटेन-प्रोपेनसारखा गॅस, जो हे सगळं बाहेर ढकलतो. नोझलमधून निघणारे थेंब एका मापाचे नसतात. मोठे थेंब बॅगेवर बसतात. त्यातले काही नाकात गेले तरी नाका-घशातच अडकतात. पण १० मायक्रॉनपेक्षा बारीक थेंब फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत, वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. शिवाय हवेत उडता उडता द्रावक सुकत जातं आणि थेंब आणखी बारीक होतो. डोळ्यांना काही दिसत नाही, बंद खोलीत मात्र तो बराच वेळ तरंगत राहतो. पंखा लावला तर खाली बसलेलंही परत वर येतं.

वायुकोशांच्या आतून एक पातळ थर असतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. त्याच्यामुळे आतल्या ओलाव्याचा ताण कमी राहतो आणि श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून जात नाहीत. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या की फुंकर मारून सोडवायला किती जोर लागतो, तसं काहीसं हा थर बिघडल्यावर छातीत होतं. कापडावर थर धरून पाणी झटकणं हे या रसायनाचं कामच आहे. तेच ते फुप्फुसाच्या आत जाऊन करतं आणि सरफॅक्टंटचं काम मोडतं. मग वायुकोश मिटतात, सूज येते, पाणी सुटतं, रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो. खोकला, छातीत आवळल्यासारखं होणं, धाप, थंडी-ताप, मळमळ ही लक्षणं काही मिनिटांत येतात किंवा काही तासांनी. बहुतेक लोक एक ते तीन दिवसांत सावरतात. काहींना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं आहे आणि मृत्यूही झाले आहेत.

हे आजचं नाही. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात डिसेंबर १९९२ मध्ये चामड्यावर मारायच्या स्प्रेमुळे अनेक लोक आजारी पडले आणि तो माल बाजारातून काढावा लागला. स्वित्झर्लंडमध्ये २००२-०३ च्या हिवाळ्यात बूट-कपड्यांच्या स्प्रेमुळे शंभराहून जास्त लोकांना श्वासाचा त्रास झाला. तिथे डब्यातलं रसायन बदललं गेलं आणि त्यानंतर हे प्रकार वाढले. वर्षानुवर्षं लोक तोच डबा समजून घेत होते, आत काय बदललं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत फरशीच्या सांध्यांवर मारायचा ‘स्टँड अँड सील’ नावाचा स्प्रे याच कारणाने परत मागवला गेला.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते जर्मनीतलं मार्च २००६ मधलं ‘मॅजिक नॅनो’चं प्रकरण. काच आणि न्हाणीघरातल्या फरशीवर मारायचा तो स्प्रे. बाजारात आल्यावर काही दिवसांतच शंभराच्या आसपास लोकांना त्रास झाला, काहींच्या फुप्फुसात पाणी झालं. आधी सगळ्यांनी नावावरून नॅनोकणांना दोष दिला, तपासात तसे कण सापडलेच नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे तेच उत्पादन आधी हाताने दाबायच्या पंपाच्या बाटलीत विकलं जात होतं, तेव्हा अशा तक्रारी नव्हत्या. दाबाच्या डब्यात भरलं, तुषार बारीक झाले आणि लोक आजारी पडले. आमच्या दुकानात जागा बदलल्याने जे झालं, ते तिथे नोझल बदलल्याने झालं. दोन्हीकडे प्रश्न एकच: किती बारीक थेंब किती वेळ माणसाच्या नाकासमोर राहिला.

युरोपीय संघाने यातल्या एका गटावर कायदाच केला. टीडीएफए नावाने ओळखली जाणारी फ्लोरिनयुक्त सायलेन रसायनं थिनरसारख्या सेंद्रिय द्रावकात मिसळून सर्वसामान्य ग्राहकांना स्प्रेच्या रूपात विकायला २ जानेवारी २०२१ पासून तिथे बंदी आहे. म्हणजे तिथल्या सरकारांनाही हा धोका घरगुती वापरातला आणि खरा वाटला.

आपल्याकडे कापसावर, केळीवर, पपईवर फवारणी न पाहिलेला माणूस सापडणार नाही. वारा बघायचा, उपाशीपोटी जायचं नाही, तोंडाला बांधायचं, हे बांधावरचं पोरगंही सांगेल. पण तोच माणूस बाजारातून रंगीत डबा आणतो तेव्हा त्याला ती फवारणी वाटत नाही. शेतातल्या पंपाचा थेंब बराच जाड असतो आणि वर मोकळं आभाळ असतं, तरी आपण काळजी घेतो. इथे थेंब बारीक आणि खोली दहा बाय दहाची. माझ्या दिरांसारखा, शेतात दरवर्षी फवारणी करणारा माणूस दुकानात बेसावध राहिला, कारण डब्यावर मोठ्या अक्षरांत फक्त ‘ज्वलनशील’ होतं. ‘हवेशीर जागी वापरा’ हे मागे, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. फुप्फुसाचा उल्लेख कुठेच नव्हता. याची मला मनापासून चीड आहे. ज्या गावात विकायचं त्या गावच्या भाषेत एक ओळ छापायला कितीसा खर्च येतो?

वासावर जाऊ नका. वास द्रावकाचा असतो आणि तो लवकर उडून जातो. त्रास देणारा पॉलिमरचा बारीक थेंब वासाशिवायही हवेत असतो. ‘वास गेला, आता बसा आत’ असं म्हणता येत नाही. तसंच ‘फ्लोरिनमुक्त’ लिहिलंय म्हणून हुंगायला चालतं असंही नाही. थर धरणारी दुसरी रसायनंही फुप्फुसात जाऊन घोटाळा करू शकतात.

तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून हा बारीक थेंब थांबत नाही. चांगला बसणारा एन-९५ कण अडवतो, पण द्रावकाची वाफ त्यातून आरपार जाते. दुकानात रोज हे काम करणाऱ्याला कण आणि वाफ दोन्ही अडवणारा, गाळणीच्या डब्या बसवायचा मास्क लागतो, आणि तो असला तरी काम उघड्यावरच करायला हवं. दमा असलेल्यांनी, गरोदर बाईने हे काम हातात घेऊच नये, असं माझं मत आहे.

विडी-सिगारेटचं वेगळं सांगायला हवं. फ्लोरिनयुक्त पॉलिमर जास्त तापला की फुटतो आणि त्यातून विषारी वायू निघतात. स्प्रे मारलेल्या हवेत विडी ओढली, किंवा स्प्रेचे हात तसेच विडीला लावले, तर तो माल जळत्या टोकातून सरळ छातीत जातो. गॅसच्या शेगडीजवळ, देवापुढच्या दिव्याजवळ मारणंही त्यामुळे दुहेरी धोक्याचं. आधी भडका, वरून हा धूर.

खान्देशात आणखी एक अडचण आहे. या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४३-४४ दाखवतो. गाडीची डिकी, बंद कार, पत्र्याखालचा माळा यांत पन्नास सहज ओलांडले जातात. डबा पावसाळ्याआधी स्वस्तात मिळतो म्हणून एप्रिलमध्ये घेऊन ठेवू नका. घेतलाच तर घरातल्या सगळ्यात थंड, पण झोपायच्या जागेपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा.

सध्या मी काय करते ते सांगते. सॅकसाठी स्प्रे सोडला. त्याऐवजी ब्रशने किंवा स्पंजने लावायचं पातळ द्रव्य मिळतं. वेळ जास्त लागतो, अंगणात बसून लावावं लागतं, पण हवेत तुषार उडत नाहीत आणि शिवणींवर दोन हात जास्त देता येतात. पाणी अडवायला ते स्प्रेइतकंच, शिवणींवर तर जास्त चांगलं ठरलं. रेनकोटसाठी धुताना पाण्यात मिसळायचं द्रव्य वापरते. कॅनव्हासच्या जुन्या पिशवीला मेण घासून उन्हात ठेवलं तर पावसाळाभर छान काम देतं. फक्त ऑक्टोबरच्या उन्हात ते चिकट होतं आणि धूळ धरतं, तेव्हा दिवाळीआधी गरम पाण्याने धुवून काढावं लागतं. चामड्याच्या बुटांना मेणाची पॉलिश पुरते. भाऊजींनी दुकानात स्प्रे बंद केला, पाटी ठेवली. आता बॅग एक दिवस ठेवून घेतात आणि ब्रशने करून देतात. गिऱ्हाईक कुरकुरतं, तेव्हा ते कारण सांगतात.

तरीही कुणाकडे डबा असेल आणि वापरायचाच असेल, तर गच्चीवर किंवा अंगणात, पाऊस थांबल्यावर. वस्तू खाली ठेवा, हातात धरून तोंडासमोर नको. थोडं थोडं मारा आणि मारून झालं की तिथे उभं राहू नका. वस्तू पूर्ण वाळेपर्यंत बाहेरच राहू द्या. बूट पायात असताना, रेनकोट अंगावर असताना कधीच नाही. मुलांच्या दप्तरावर तर मी म्हणेन मारूच नका. दप्तर मुलं छातीशी धरतात, पट्टा तोंडात घालतात.

आणि त्रास झालाच तर. खोकला लागला की काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत या, कपडे बदला, हात-तोंड धुवा. दम लागत असेल, छाती आवळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन करा. घरचं ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल तर सकाळची वाट बघू नका. डबा सोबत न्या, किंवा निदान लेबलचा फोटो. डॉक्टरांना ‘स्प्रे बंद खोलीत मारला होता’ हे वाक्य आधी सांगा, थंडी-तापाचं नंतर. पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी त्रास नंतर वाढू शकतो, म्हणून काही तास थांबवून घेतलं तर थांबा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टरांना फोनवर सल्ला मिळू शकतो.

रिकाम्या डब्याचं काय, हा प्रश्न दिरांच्या दुकानात रोज येतो. कचऱ्यासोबत पेटवायचा नाही, उकिरड्यावरही नाही. रिकामा वाटला तरी आत गॅस असतो, आगीत तो फुटतो, आणि उरलेलं रसायन जळलं की वर सांगितलेला विषारी धूर निघतो. भोकही पाडू नका. उघड्यावर, कापडावर दाबून उरलेला गॅस संपू द्या आणि डबा सुक्या कचऱ्याच्या गाडीत वेगळा द्या, देताना गाडीवाल्या दादांना तोंडी सांगा की हा स्प्रेचा डबा आहे.